सहीच्या बदल्यात माहेर

आमच्या भागात बापाचं वर्षश्राद्ध झालं की बहिणींना फोन जातो. कधी त्याच्याही आधी, तेराव्याला सगळे जमलेलेच असतात तर उरकून घेऊ म्हणून. आधार कार्ड आण, दोन फोटो आण, दाजींना सांग एक दिवस सुट्टी टाका. मग सगळे मिळून तालुक्याला दुय्यम निबंधक ऑफिसात जातात, बाहेर स्टॅम्प वेंडरकडे कागद आधीच टाईप होऊन तयार असतो आणि त्यात लिहिलेलं असतं की मी स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला, भावांवरच्या नैसर्गिक प्रेमापोटी वडिलोपार्जित मिळकतीतला माझा हक्क कायमचा सोडून देत आहे. बहीण कॅमेऱ्याकडे बघते, मशीनवर अंगठा ठेवते, दाखवतील तिथे सह्या करते, दोन साक्षीदार सह्या करतात. दुपारी चांगल्या हॉटेलात जेवण, घरी आल्यावर साडीचोळी आणि ओटी, आणि संध्याकाळच्या गाडीने ती सासरी परत.

याला हक्कसोडपत्र म्हणतात. माझ्या ओळखीतल्या शेती असलेल्या जवळपास प्रत्येक घरात हा कागद झालेला आहे, आणि कुठेच त्यावरून भांडण झालेलं नाही. भांडण होत नाही यावरच मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते, गाव सोलापूर जिल्ह्यात, ऊस आणि डाळिंबाचा पट्टा. आमच्या कॉलेजात फेमिनिझमवर खूप बोललं जातं. रात्री बाहेर पडणं, कपडे, लग्नानंतर आडनाव, कामाच्या ठिकाणचा त्रास, या सगळ्यावर पोरी तावातावाने बोलतात आणि ते बोलायलाच पाहिजे, मी पण बोलते. पण जमिनीचा विषय निघाला की अर्धा वर्ग गप्प होतो, कारण तो विषय समाजाचा राहत नाही, तो आपल्या वडिलांचा, आण्णांचा होतो, आपल्या सख्ख्या भावाचा होतो. रस्त्यावर छेड काढणाऱ्या अनोळखी माणसाविरुद्ध बोलणं सोपं असतं असं मी म्हणत नाही, पण तिथे निदान समोरच्यावर आपलं प्रेम नसतं.

फॅमिली लॉच्या पेपरला एक केस सगळ्यांनाच करावी लागते, गुरुपाद विरुद्ध हिराबाई मगदूम. खंडप्पा मगदूम १९६० मध्ये वारले, मागे बायको हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. १९६२ मध्ये हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला आणि मुलगा गुरुपाद त्याविरुद्ध उभा राहिला. सांगलीच्या कोर्टाने हिराबाईंना १/२४ एवढाच हिस्सा धरला, मुंबई हायकोर्टाने ७/२४ दिला आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. म्हणजे नवऱ्याच्या घरातला स्वतःचा हिस्सा मिळवायला त्या बाईला सोळा वर्षं पोटच्या पोराशी कोर्टात लढावं लागलं. क्लासमध्ये या केसचं गणित शिकवतात. नवरा जिवंत असतानाच वाटणी झाली असं धरायचं, मग चार वाटे पडतात, नवरा, बायको आणि दोन मुलगे. त्यानंतर नवऱ्याच्या पाव हिश्श्याचे त्याच्या सहा वारसांत सहा भाग करायचे. हिराबाईंना त्यांचा स्वतःचा पाव हिस्सा आणि वर एक चोविसावा, एकूण ७/२४. परीक्षेत इथपर्यंत लिहिलं की मार्क मिळतात.

मी हे गणित वहीत पुढे मांडत गेले. समजा त्या घराची जमीन २४ एकर असती, तर आईला ७, दोन्ही मुलांना ७-७, झाले २१. उरलेल्या ३ एकरात तीन मुली, एकीला १. एकाच आईच्या पोटची पाच लेकरं, दोघांना सात-सात एकर आणि तिघींना एक-एक. आणि हे त्या केसमधलं सगळ्यात न्याय्य गणित होतं, बाईच्या बाजूने लागलेल्या निकालाचं गणित, ज्याचं पुढे अनेक वर्षं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. आज तेच घर असतं तर मुलीही जन्मापासून हिस्सेदार, म्हणून वाटे सात पडले असते, वडिलांच्या वाट्याचे पुन्हा सहा भाग, आणि बेरीज केली तर आई, दोन्ही मुलगे, तिन्ही मुली, सगळ्यांना बरोब्बर ४-४ एकर. मी ती बेरीज दोनदा करून बघितली, कारण इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

या एकावरून चारवर यायला किती माणसांचं आयुष्य गेलंय. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला पण तो तिच्या हयातीपुरता, विकायचा अधिकार नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारस करायचा प्रयत्न केला, ते बिल अडवून धरलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. मला हे दरवेळी वाचताना आत काहीतरी होतं, कारण आमच्या घरात बाबासाहेबांचं नाव घटनेसाठी घेतलं जातं, मुलींच्या वाट्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली हे मला लॉ कॉलेजात आल्यावर कळलं. मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला, त्यात मुलगी बापाची वारस झाली पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार झाली नाही. शिवाय राहत्या घराचं कलम २३ होतं, मुलगे स्वतःहून वाटणी करेपर्यंत मुलीने घराची वाटणी मागायची नाही, आणि त्या घरात राहायचा हक्क फक्त लग्न न झालेल्या, विधवा झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या मुलीला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलासारखी हिस्सेदार केली, पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या वगळून. माझ्या आईचं लग्न त्याच्या आदल्या वर्षीचं. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा दुरुस्ती कायदा आला, लग्नाची अट गेली, कलम २३ पण गेलं, आणि तरीही वडील त्या तारखेला हयात होते का यावर केसेस चालूच राहिल्या. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ च्या त्या तारखेला बाप जिवंत असण्याची गरज नाही.

मग एवढं होऊनही सातबाऱ्यावर आमची नावं का नाहीत? गावातले जुने लोक सांगतात की पूर्वी बहिणींच्या सह्यांची कुणाला फार पडलेली नसायची, वारस नोंद करताना थोरल्या भावाचं नाव ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागायचं आणि बहिणींची नावं लागलीच तर इतर हक्काच्या रकान्यात. आता कायदा पक्का झाला, बँक कर्जाला नावं बघते, जमीन विकताना वकील सर्च घेतो म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतो, त्यामुळे बहिणीची सही लागते. आमच्याकडे पालखी मार्गाच्या रुंदीकरणात जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याच्या फाईलींसाठी अशा कित्येक बहिणी गावात आल्या ज्यांना त्याआधी भाऊबीजेलासुद्धा फोन गेला नव्हता.

मला घरातलं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझ्या आईला दोन भाऊ आणि एक बहीण. मी अकरावीत असताना आईने आणि मावशीने मामांना हक्कसोड करून दिलं. माझ्या आण्णांना दोन बहिणी. आजोबा गेल्यावर दोन्ही आत्यांनी आण्णांना करून दिलं. त्या दिवशी आत्यांसाठी पुरणपोळ्या माझ्या आईने केल्या होत्या. एका माणसाने हक्क सोडला आणि त्याच माणसाने दुसऱ्यांचा हक्क सुटतानाचा स्वयंपाक केला, हे मला फार दिवस उलगडत नव्हतं. मी मागच्या उन्हाळ्यात आईला सरळ विचारलं. तुला माहिती होतं ना तुझा वाटा आहे? आई म्हणाली, माहिती नसायला काय झालं, सगळ्यांना माहिती असतंय. मग का केलीस सही? ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "अगं तिथं आपण मागितलं की मग इथं तुझ्या आत्या मागणार. मग तुम्हा पोरांना काय राहिलं? आन् माझं माहेर तुटलं असतं ते येगळंच."

आईचा हिशोब अडाणीपणाचा नाही. बायांना कायदा माहिती नाही, जनजागृती केली पाहिजे, असं आम्हाला असाइनमेंटमध्ये लिहायची सवय लागलीये आणि ते काही ठिकाणी खरंही असेल, पण माझ्या आईला सगळं माहिती होतं. मुलगी म्हणून जे सुटतं ते सून म्हणून भरून येतं असा तो हिशोब आहे. वडिलांकडचं सोडायचं, नवऱ्याकडचं राखायचं. फक्त या हिशोबात एक गोष्ट कुणी आईला दाखवली नाही. तिने तिकडचं सोडलं ते मामांच्या नावावर गेलं आणि इकडचं राखलं ते आण्णांच्या नावावर राहिलं. दोन घरांच्या जमिनींत तिचं आयुष्य गेलं, लहानपणी तिकडे भुईमूग उपटला, लग्नानंतर इकडे डाळिंबाची छाटणी, फवारणी, दिवसभर उन्हात काम, आणि दोन्हीपैकी एकाही सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. जे भरून आलं म्हणते ते तिला मिळालेलंच नाही.

आणि माहेर तुटण्याची भीती. या भीतीबद्दल शहरातल्या मैत्रिणींना मला नेहमी जास्त समजावून सांगावं लागतं. माहेर म्हणजे त्यांना सुट्टीत जायचं ठिकाण वाटतं. आईच्या पिढीतल्या बाईला माहेर म्हणजे तिच्या मागे कुणीतरी उभं आहे याचा एकमेव पुरावा. सासरी तिला कसं बोललं जातं, किती ऐकवलं जातं, हात उगारला जातो का, हे बऱ्याचदा तिचे भाऊ किती धरून आहेत यावर ठरतं. दिवाळीला भाऊ न्यायला आला नाही तर गल्लीत विचारतात. पोरीच्या लग्नात मामा उभा पाहिजे. अशा बाईसमोर एक कागद येतो, एका बाजूला चार एकर जे तिने कधी आपलं म्हणून बघितलंच नाही, आणि दुसऱ्या बाजूला जगात तिचं म्हणून असलेलं एकमेव घर. ती सही करते. ती स्वखुशीने करते असं कागदावर लिहिलेलं आहे आणि तिला विचारलं तर ती पण हेच सांगेल. माझं म्हणणं इतकंच आहे की भावाला त्याच्या आईबापाचं घर टिकवायला कधी कुठे सही करावी लागली? त्याने शेती विकली, दारूत घालवली, आईला सांभाळलं नाही, तरी ते घर त्याचंच राहतं. बहिणीला मात्र ते विकत घ्यावं लागतं आणि किंमत म्हणून तिचा अख्खा वाटा द्यावा लागतो.

आणि एवढी किंमत देऊन घेतलेलं ते माहेर वेळेला पुरत नाही, हे मी आमच्याच घरात बघितलंय. माझ्या धाकट्या आत्याचं लग्न मोडलं. सही करून झाल्यावर काही वर्षांनी ती पोरीला घेऊन परत आली. आण्णांनी तिला एका शब्दाने नाही म्हटलं नाही, मागची खोली दिली, पोरीला गावच्या शाळेत घातलं. माझे आण्णा वाईट माणूस नाहीत, हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, ते खरंच प्रेमळ आहेत. आईनेही तिला कधी तोडून बोललं नाही. पण गॅस संपला की आत्याला अवघडल्यासारखं व्हायचं. पोरीला ताप आला की दवाखान्याचे पैसे मागायला ती आण्णा जेवायला बसायची वाट बघायची. घरातलं कुठलंही काम कुणी सांगायच्या आत उठून करायची, इतकं की आम्हा पोरांना पण सवय झाली तिला कामं सांगायची. शेवटी ती आपण होऊन पुण्याला गेली, हडपसरला एका मेसमध्ये पोळ्या करते, पोरगी बारावीला आहे. तिला कुणी घालवलं नव्हतं, पण ज्या घरात ती जन्मली, वाढली, तिथे प्रत्येक गोष्ट मागून घ्यायची हे तिला जमेना. ज्या शेतात तिचा हिस्सा होता त्याच शेताच्या उत्पन्नातून तिला मदत मिळत होती, आणि ती मदत म्हणून मिळत होती.

बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांचा केरळमधला एक अभ्यास आहे, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्या विवाहित बायकांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यातल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक मारहाण सोसलेली होती. ज्यांच्या नावावर दोन्ही होतं त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा धाकटी आत्या डोळ्यासमोर आली. नावावर घर असणाऱ्या बाईला जाता येतं, आणि तिला जाता येतं हे नवऱ्यालाही माहिती असतं, त्यामुळे पुष्कळदा जायची वेळच येत नाही. आत्याने सही केली त्या काळातही तिचा नवरा तिला मारत होता, हे आम्हाला नंतर कळलं.

बहिणीच्या वाट्याचा विषय काढला की घरात आणि गावात जी उत्तरं येतात ती मला पाठ झालीत. पहिलं, लग्नात खर्च केला, सोनं घातलं, तोच तिचा वाटा. लग्नातलं जेवणखाण गाव जेवून गेलं, मानपान सासरच्यांना गेला, हुंडा तर १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे आणि दिला तरी तो नवऱ्याच्या घरात गेला, सोनं पहिल्या अडचणीला सोसायटीच्या कर्जासाठी गहाण पडलं. यातलं पोरीच्या नावावर काय राहिलं ते दाखवा. आणि मुलाचं लग्न काय फुकटात होतं? त्याच्या लग्नाचा, शिक्षणाचा, बोअरवेलचा खर्च कुणी त्याच्या वाट्यातून कापत नाही.

दुसरं, बहीण मागत नाही हो, मागे तिचा नवरा असतो. कधी असतोही, मला ते नाकारायचं नाही. दाजीच्या दबावाखाली वाटा मागणारी बहीण आणि भावाच्या दबावाखाली सोडणारी बहीण, दोघींचं दुःख मला एकाच जातीचं वाटतं. पण भावाच्या मागे त्याची बायको, सासरा, मेहुणे असतात तेव्हा त्याचा हक्क कुणी खोटा ठरवत नाही.

तिसरं जमिनीच्या तुकड्यांचं, आणि हे मला खरंच विचार करण्यासारखं वाटतं. दोन-अडीच एकरावाल्या घरात चार वाटे झाले तर कसायला काय उरणार, हा प्रश्न खोटा नाही. पण दोन भाऊ असले की आपण तुकडे करतोच ना, तेव्हा कुणी धाकट्याला म्हणत नाही की तू तुकडे नकोस करू, साडी घे आणि जा. आणि नाव लागलं म्हणजे बांध घातलाच पाहिजे असं कुठे आहे. सामाईक सातबारा राहू शकतो. जो कसतो त्याने कसावी आणि बाकीच्यांना रीतसर खंड द्यावा, जसा तो परक्याची जमीन करायला घेतली असती तर दिला असता.

जमीन नावावर असण्याचा अर्थ पेपरात वाचून कळत नाही, तलाठ्याच्या ऑफिसात अर्धा दिवस उभं राहिलं की कळतो. पीककर्ज सातबारा बघून मिळतं. अतिवृष्टीची भरपाई सातबारावाल्याच्या खात्यात येते. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये ज्याच्या नावे जमीन त्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे जमिनीची वहिवाट ज्यांच्याकडे आहे त्यांच्यात, बायका सुमारे १४ टक्के होत्या. आणि शेतात बघा कोण दिसतं. लावणी, खुरपणी, कापूस वेचणी, सगळीकडे बायाच. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या मागे राहिलेल्या बाईला आधी वारस नोंदीसाठी सासऱ्याशी, दिरांशी झगडावं लागतं, कारण जमीन पुष्कळदा सासऱ्याच्याच नावावर असते आणि ती शेतकरी आहे हेच कागदावर कुठे नसतं. महिला किसान अधिकार मंच अशा बायकांसोबत काम करतं, त्यांचं म्हणणं साधं आहे की जी शेती करते तिला शेतकरी म्हणा.

आपल्याकडे कुणी काही केलंच नाही असं नाही. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, प्रचंड संख्येने खेड्यातल्या बाया आल्या. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि गावात शंभर जणांनी केलं की ते लक्ष्मीमुक्ती गाव. कुठल्याही कोर्टाशिवाय, पोलिसाशिवाय पुरुषांनी हे केलं याबद्दल मला फार आदर वाटतो. पण त्यातही मिळालं ते बायकोला. बायकोला दिलेली जमीन शेवटी घरातच राहते, लेकीला दिलेली जाते, ही समजूत तिथेही शाबूत राहिली.

लेकीकडून ती कुठे जाते हेही एकदा बघायला हवं, कारण १९५६ च्या कायद्यातलं कलम १५ अजून आहे. मूलबाळ आणि नवरा नसलेली हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आईबापांचा नंबर त्यांच्या नंतर. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशी केस आली होती. लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली. माहेरच्यांनी शिकवली, तिने नोकरी केली, आयुष्यभर माहेरीच राहिली. ती गेल्यावर तिची बँकेतली आणि फंडातली रक्कम कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असा तो निकाल. मी हॉस्टेलवर सगळ्या मैत्रिणींना हे सांगितलं आणि नोकरी लागली की पहिलं मृत्युपत्र करा असं सांगत सुटलेय. विशी-बाविशीच्या पोरींना हे अभद्र वाटतं, पण मी सांगणं सोडणार नाही.

हेही मला नीट लिहायला हवं की मी बोलतेय ते शेती असलेल्या घरातल्या हिंदू मुलीचं. या कायद्यातून अनुसूचित जमाती कलम २(२) ने वगळलेल्या आहेत, म्हणजे आदिवासी मैत्रिणीचा प्रश्न रूढीशी आहे आणि माझ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मुस्लिम मैत्रिणीला कायद्याने मुलाच्या निम्मा वाटा, आणि तिच्याही घरी तो सोडून द्यायची अपेक्षा असतेच, असं ती सांगते. आणि आमच्या गावात ज्या घरांना जमीनच नाही, जी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या रानात राबली, त्या घरच्या मुलीला मी सातबाऱ्याच्या गोष्टी काय सांगणार. तिचा प्रश्न मजुरीचा आहे, पुरुषाला जास्त आणि बाईला कमी का, आणि गावठाणातल्या दोन खोल्या कुणाच्या नावावर, हा आहे. तिच्या लेखात ती हे माझ्यापेक्षा चांगलं लिहील.

मला एक भाऊ आहे, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, ॲग्रीकल्चर डिप्लोमा करतोय आणि शेतीच करायची म्हणतो. या दिवाळीत आम्ही दोघं मोटर चालू करायला रानात गेलो होतो, तेव्हा त्यानेच विचारलं, ताई तू वाटा मागणार का? तो चिडून विचारत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हटलं. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, म्हणजे मी राबायचं आन् तू निम्मं न्यायचं? मी म्हटलं निम्मं उत्पन्न नाही, खंड. तुझे कष्ट तुझे, जमीन दोघांची. तुला बाग वाढवायची असेल, शेततळं घ्यायचं असेल तर कर्जाला मी सही करीन, पण ती मालक म्हणून करीन, सोडून देणारी म्हणून करणार नाही. आणि उद्या तुझं काही अडलं तर मला हक्काने माग, मला अडलं तर मी या घरात हक्काने येईन, मागची खोली कुणी दिली म्हणून नाही. त्याला धाकटी आत्या आठवली असणार, कारण तो एकदम म्हणाला, आत्याचं आता काही करता येतं का?

कायद्याने जवळजवळ नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध केल्याशिवाय रद्द होत नाही, आणि दावा लावायची मुदत कळल्यापासून तीन वर्षं. आत्या तसला दावा कधी लावणार नाही आणि आम्हालाही तो नकोय. पण आण्णा आपण होऊन बक्षीसपत्राने तिला जमीन देऊ शकतात, त्याला कुणी अडवलेलं नाही. निदान विहिरीजवळचा पट्टा, जो तिने लग्नाआधी स्वतः भाजीपाला लावून पिकवला होता असं आज्जी सांगायची. भाऊ म्हणाला आण्णा ऐकणार नाहीत. मग म्हणाला, तू एकटीने सांगितलंस तर अजिबातच ऐकणार नाहीत, वाटेल की वकिलीण झाली आणि घर फोडायला निघाली. तेव्हा पहिल्यांदा तो बोलणार आणि मी शेजारी बसणार असं आमचं ठरलंय. कारण ही मागणी बहिणीच्या तोंडून निघाली की ती लोभ ठरते, भावाच्या तोंडून निघाली तर निदान ऐकून घेतली जाते, आणि हे बदलेपर्यंत तरी भावांनी तोंड उघडायला हवं. तो गावातला खंडाचा चालू दर काढून ठेवतोय, मी बक्षीसपत्राचा मसुदा तयार करतेय, आणि आईला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही, कारण तिचं स्वतःचं नाव आण्णांच्या बरोबरीने लावायचं हा त्यातला पहिला मुद्दा आहे आणि सगळ्यात जास्त विरोध तीच करणार आहे.